आई-बाबांना घेऊन बुडापेश्तला येताय? आधी ‘यो नापोत’ म्हणायला शिका

तुम्ही विचारलं आहे ते थोडक्यात असं: मेच्या मध्यावर आई-बाबांना घेऊन युरोपला निघालो आहोत. दोघंही सत्तरीच्या आसपास, पूर्ण शाकाहारी, बाबांचा गुडघा दुखतो. प्राग आणि व्हिएन्ना झाल्यावर हंगेरीसाठी दोन रात्री ठेवल्या आहेत. तेवढ्या पुरतील का, खायचं काय, गरम पाण्याच्या त्या प्रसिद्ध कुंडांत आईला नेता येईल का, आणि तिथली माणसं तुसडी असतात असं ऐकलं ते खरं का?

मी मूळची सांगलीची. लग्न होऊन इथे आले त्याला सतरा वर्षं झाली, सासर सेगेदचं. हळदीच्या गावातून पाप्रिकाच्या गावात आले. गेली अकरा वर्षं मराठी मंडळींना बुडापेश्त आणि आसपास हिंडवण्याचं काम करते आहे. त्या अनुभवावरून सांगते.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तुमची सगळी सहल त्यावर अवलंबून आहे. माणसं तुसडी नाहीत. इथे दुकानात शिरणारा माणूस आधी बोलतो, एवढीच गोष्ट आहे. बेकरी असो, औषधाचं दुकान असो, डॉक्टरकडची बसायची खोली असो, आत पाऊल टाकलं की ‘यो नापोत’ म्हणायचं, म्हणजे दिवस चांगला जावो. निघताना ‘विसलात’, म्हणजे पुन्हा भेटू. गावाकडे कुणाच्या पडवीत शिरताना आपण ‘आहे का कुणी घरात?’ असा आवाज देतो ना, तसंच हे. न बोलता आत येऊन काचेवर बोट ठेवून ‘हाऊ मच’ विचारणारा माणूस त्यांना परवानगी न घेता घरात घुसल्यासारखा वाटतो. मग गल्ल्यावरची बाई ओठ घट्ट मिटून घेते आणि आपण म्हणतो, काय तुसडी बाई आहे!

दोन वर्षांपूर्वी माझ्यासोबत अकरा जणांचा गट होता. हॉटेलजवळच्या बेकरीत पहिल्या दिवशी असंच झालं. संध्याकाळी मी सगळ्यांना दोन शब्द पाठ करायला लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी गटातल्या एका आजोबांनी दारातूनच खणखणीत आवाजात ‘यो नापोत’ म्हटलं. ती बाई थबकली, मग हसली. खारी बिस्किटं आणि पाव यांच्या मधलं एक छोटं गोल ‘पोगाचा’ असतं. तिने भट्टीतून नुकतंच काढलेलं एक कागदात गुंडाळून त्यांच्या हातात ठेवलं, पैसे घेतले नाहीत. पुढचे तीन दिवस आजोबा नाश्त्याच्या आधी एकटेच तिथे जाऊन येत होते.

वयाचा मान हा तर आपला आणि त्यांचा अगदी एकसारखा विषय. हंगेरियनमध्ये तू-तुम्हीचा भेद आहे. वडीलधाऱ्या बाईच्या नावापुढे ‘नेनी’ आणि पुरुषाच्या नावापुढे ‘बाची’ लावतात, आपल्या काकू-काकांसारखं. मोठा भाऊ आणि धाकटा भाऊ, मोठी बहीण आणि धाकटी बहीण यांना चार वेगळे शब्द आहेत. लहान मुलं म्हाताऱ्या बायकांना ‘चोकोलोम’ म्हणतात, त्याचा अर्थ ‘हाताचं चुंबन घेतो’. आपल्या वाकून केलेल्या नमस्काराचा तो इथला भाऊ. तुमच्या आईंना शेजारचं एखादं पोर चोकोलोम म्हणालं तर त्यांना अर्थ सांगून ठेवा, त्यांना फार बरं वाटेल.

भाषेबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण मराठी माणसाला ही भाषा वाटते तितकी परकी नाही. आजूबाजूच्या जर्मन किंवा स्लाव्ह भाषांशी तिचं नातं नाही. दूरची नातेवाईक फिनिश. पण पुण्यात, पुण्याहून, पुण्याला असे प्रत्यय आपण नावालाच चिकटवतो, तेच हेही करतात: बुडापेश्तेन म्हणजे बुडापेश्तमध्ये, बुडापेश्तरोल म्हणजे तिथून, बुडापेश्तरे म्हणजे तिकडे. उच्चारात तर आपली चंगळ आहे. त्यांच्या लिपीतलं ‘सी’ हे अक्षर म्हणजे आपल्या चमच्यातला, चुलीतला च. ‘सी’ आणि ‘एस’ जोडून आले की चिंचेतला, चिमणीतला च. इतर देशांच्या पाहुण्यांना हा फरक तासभर समजवावा लागतो, आपल्याला एका वाक्यात कळतो. नुसतं ‘एस’ म्हणजे श, आणि ‘एस’ला ‘झेड’ जोडलं की स. म्हणूनच पेस्ट नव्हे, पेश्त. ‘जे’ म्हणजे य. ‘ए’ बराचसा ऑकडे झुकतो, मी इथे वाचायला सोपं म्हणून आ लिहिते आहे. याचा व्यवहारातला उपयोग सांगते: संजय हे नाव रोमन लिपीत पाहून इथला माणूस ‘शॉन्यॉय’ असं वाचेल. दवाखान्यात किंवा हॉटेलात हाक मारली तर कान तयार ठेवा. इथे आडनाव आधी येतं, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं. त्यामुळे फॉर्मवर कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते नीट पाहून भरा.

वेळ सांगण्यातही एक खाचखळगा आहे. ‘फेल न्योल्त्स’ याचा शब्दशः अर्थ ‘अर्धे आठ’, पण घड्याळात ती वेळ साडेसात. पावणेआठ म्हणताना आपण येणाऱ्या तासाकडे पाहतो, ते अर्ध्या तासालाही येणाऱ्या तासाकडेच पाहतात. आमच्या एका पाहुण्यांची बस यामुळे एका तासाने चुकली. तोंडी वेळ ठरली की कागदावर आकड्यात लिहून घ्या.

आता खाणं. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि इंटरनेटवर त्याचं सगळ्यात वाईट उत्तर मिळतं: ‘शाकाहारींनी पिझ्झा खावा.’ असं अजिबात करू नका. हंगेरियन घरातलं रोजचं जेवण शाकाहारी माणसाच्या फार जवळचं आहे. पर्यटकांना ते दिसत नाही, कारण पर्यटकांच्या रस्त्यांवर गुयाशच विकलं जातं. गुयाश म्हणजे गुराखी, आणि त्या नावाचं ते पातळ सूप परंपरेने गोमांसाचं असतं. पाटीवर ‘मार्हा’ दिसलं की गाय-बैल, ‘शेर्तेश’ म्हणजे डुक्कर, ‘चिर्के’ म्हणजे कोंबडी, ‘हाल’ म्हणजे मासा. हे चार शब्द फोनमध्ये लिहून ठेवा.

तुम्ही शोधायचा शब्द आहे ‘फोझेलेक’. आपली पळीवाढी भाजी डोळ्यांपुढे आणा: भाजी शिजवून, पीठ लावून दाट केलेली, वरून ‘तेयफोल’ म्हणजे सायीचं आंबट दही. पालकाचं असतं, बटाट्याचं असतं, मसुरीसारख्या लेंचेचं असतं. पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं फोझेलेक तर थेट आपलं घट्ट वरण, वर हिंग-जिऱ्याच्या फोडणीऐवजी तळलेला कांदा. माझं सगळ्यात आवडतं ‘त्योकफोझेलेक’: किसलेला कोवळा भोपळा आणि भरपूर शेपू. होय, आपला शेपू! इथे त्याला ‘कापोर’ म्हणतात आणि लोक तो मनापासून खातात. पहिल्यांदा सासरी हे पानात आलं तेव्हा वासानेच मला आमच्या स्वयंपाकघराची आठवण आली होती.

हे मिळतं कुठे? ‘एतकेझ्दे’ नावाच्या साध्या खानावळींत, दुपारी. तिथे ‘नापी मेन्यू’ म्हणजे आजचं ताट असतं, कामावरची माणसं रांगेत उभी राहून घेतात. दुपारचं मुख्य जेवण तिथे करा आणि रात्रीचं हलकं ठेवा, पैसेही वाचतील. फोझेलेकवर सहसा मांसाचा तुकडा ठेवून देतात, म्हणून आधीच म्हणायचं: ‘हूश नेलक्युल’. हूश म्हणजे मांस, नेलक्युल म्हणजे शिवाय. मांसाशिवाय. त्यांचा ‘शिवाय’सुद्धा नामाच्या मागे येतो. अंडं नको असेल तर ‘तोयाश नेलक्युल’. दोन गोष्टी मात्र विचारूनच घ्या. सूप हाडांच्या पाण्यात केलेलं असू शकतं. दाट करायला लावलेलं पीठ काही ठिकाणी ‘झ्शीर’मध्ये, म्हणजे डुकराच्या चरबीत परततात, तेलात केलंय का ते विचारा. ‘सालोन्ना’ हा शब्द दिसला तर तो चरबीचा खारवलेला तुकडा. पनीरसारख्या ‘तूरो’च्या शेवयांवरही तो हमखास भुरभुरलेला असतो. आणि मघाच्या पोगाच्यात ‘शायतोश’ म्हणजे चीजचं मागा, कारण ‘त्योप्योर्त्यूश’ पोगाचामध्ये तळलेली चरबी असते.

लांगोश जरूर खा. तो एवढा मोठा भटुराच आहे, वर लसणाचं पाणी, तेयफोल, किसलेलं चीज. गरम असतानाच खायचा. मोठ्या मंडईच्या वरच्या मजल्यावर तो मिळतो, पण तिथे फार गर्दी आणि भाव चढे. वस्तीतल्या बाजारात मिळाला तर तो चांगला. गोडात ‘तेयबेरिज’ म्हणजे दुधात शिजवलेला भात, वर कोको किंवा दालचिनी. तुमच्या आई त्याला खीरच म्हणतील. लाल ठिपक्यांच्या कागदातलं ‘तूरो रुदी’ हे किराणा दुकानातल्या फ्रिजमध्ये मिळतं, चॉकलेटच्या आवरणात तूरोची कांडी. आमच्या घरात ते दोन दिवसांवर टिकत नाही. आणि दोबोश केक, जो योझेफ दोबोश या मिठाईवाल्याने १८८५च्या प्रदर्शनात मांडला, कॅरॅमलच्या कडक पापुद्र्याचा. त्यात अंडं असतं, ते लक्षात ठेवा.

मे महिन्यात येताय तर ‘बोद्झा’ सोडू नका. रस्त्याकडेच्या झुडपांवर पांढऱ्या बारीक फुलांचे ताटाएवढे झुबके येतात. ते झुबके लिंबाच्या फोडींबरोबर साखरेच्या पाण्यात एक-दोन दिवस भिजवून घरोघरी सरबत करतात. बहुतेक कॅफेत सोड्यातलं बोद्झाचं सरबत मिळेल. कोकमाइतकंच ते माझ्या जिवाचं झालं आहे.

जूनमध्ये येणार असतात तर आमच्या सासूबाईंची खिडकी दाखवली असती. काचेची मोठी बरणी, त्यात उभे चिरलेले छोटे काकड्यांचे तुकडे, शेपूचे दांडे, लसूण, मिठाचं कोमट पाणी, आणि सगळ्यात वर पावाची एक जाड चकती. बरणीवर बशी झाकायची आणि उन्हात ठेवायची. चार दिवसांत पाणी ढगाळ होतं, पाव फुगतो, काकडी आंबते. तिला ‘कोवासोश उबोर्का’ म्हणतात. रोज संध्याकाळी सासूबाई बरणी उन्हाच्या बाजूला फिरवतात, अगदी माझी आजी गच्चीवर लिंबाच्या लोणच्याची बरणी फिरवायची तशी. व्हिनेगरमधली लोणची मात्र बारा महिने मिळतात. फोवाम चौकातल्या १८९७च्या मोठ्या मंडईत तळघरात उतरा, तिथे लोणच्यांच्या बरण्यांच्या भिंतीच आहेत. मंडई रविवारी बंद असते.

पाप्रिका तिथेच तळमजल्यावर घ्या. ‘एदेश’ म्हणजे गोडी, ‘चिपोश’ म्हणजे तिखट. एदेशला ब्याडगीसारखा रंग येतो, तिखटपणा नाही. भाजीत घालायची तर तेल कोमट असताना घाला, कडकडीत तेलात ती क्षणात करपते आणि कडू होते. सेगेद आणि कालोचा या दोन गावांची पाप्रिका नावाजलेली. सेगेदच्या विद्यापीठात आल्बेर्त सेंत-द्योर्दी यांनी याच पाप्रिकातून क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळं केलं. १९३७ सालचं नोबेल त्यांना मिळालं.

आता गरम पाण्याची कुंडं. तुमच्या आईंना नक्की न्या. बुडापेश्तच्या पोटात गरम पाण्याचे झरे आहेत. सोळाव्या शतकात तुर्क आले तेव्हा त्यांनी त्यांवर घुमट बांधले. त्यांपैकी रुदाशच्या अष्टकोनी कुंडात आजही लोक रोज बसतात आणि घुमटातल्या छिद्रांतून उजेडाचे कवडसे पाण्यावर पडतात. रुदाशच्या जुन्या भागात पुरुषांचे, बायकांचे आणि दोघांचे दिवस वेगवेगळे असतात. जायच्या आधी वेळापत्रक पाहा. गेल्लेर्त हे सगळ्यात देखणं, पण ते २०२५च्या ऑक्टोबरपासून मोठ्या दुरुस्तीसाठी बंद आहे. जुन्या लेखांतले फोटो पाहून तिथे जाऊ नका. तुमच्यासाठी मी सेचेनी सुचवेन: १९१३ साली उघडलेलं, शहराच्या बागेत, पिवळ्या भिंतींच्या मोठ्या चौकात उघड्यावर कुंडं आणि छातीभर पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळणारे म्हातारे. सकाळी उघडताच जा, दहानंतर गर्दी वाढते.

कपड्यांची काळजी बायकांना फार असते, म्हणून स्पष्ट सांगते. सुती कपडे, सलवार, टी-शर्ट पाण्यात चालत नाहीत. पण नायलॉनचा पूर्ण बाह्यांचा, गुडघ्याखाली जाणारा पोहण्याचा पोशाख चालतो. तो पुण्या-मुंबईतूनच घेऊन या. टॉवेल आणि रबरी चपलाही आणा, तिथे भाड्याने महाग पडतात. पाण्यात उतरण्यापूर्वी शॉवर घ्यायचा. लांबी पोहायच्या तलावात टोपी लागते, गरम कुंडात नाही. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी वीस मिनिटांनी बाहेर यायचं, पाणी प्यायचं, बसायचं, मग पुन्हा. डॉक्टरांना विचारून या.

माझ्या एका गटातल्या सोलापूरच्या मावशी काठावर तासभर खुर्चीत बसल्या होत्या. ‘मला नाही जमायचं, सगळे बघतील.’ कुणीही बघत नव्हतं, इथे ऐंशी वर्षांच्या आज्या जशा आहेत तशा पाण्यात उतरतात. शेवटी अशाच एका आजीने पाण्यातून हात पुढे केला आणि नुसतं ‘द्येरे’ म्हणाली. ये. मावशी उतरल्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, तरी दोघी एकमेकींना गुडघे दाखवून काहीतरी सांगत होत्या. बाहेर पडताना मावशी मला म्हणाल्या, ‘तिचा डावा दुखतो, माझा उजवा.’

फिरण्याबद्दल मी फार लिहीत नाही, ठिकाणांची यादी तुम्हाला कुठेही मिळेल. पण गुडघ्याच्या दृष्टीने काही गोष्टी. एम-वन ही १८९६ची भुयारी रेल्वे, युरोपच्या मुख्य भूमीवरची सर्वात जुनी. जमिनीखाली अगदी थोडी उतरते, पण लिफ्ट नाही, जिना आहे. एम-थ्री आणि एम-फोरला लिफ्ट आहेत. दुना म्हणजे डॅन्यूब नदीच्या काठाने जाणारी दोन नंबरची ट्राम म्हणजे सगळ्यात स्वस्त नदीदर्शन, फक्त जुन्या डब्यांच्या पायऱ्या उंच आहेत, बाबांना हात द्या. किल्ल्याच्या टेकडीवर रांग लावून दोरीच्या गाडीने जाण्यापेक्षा देआक चौकातून सोळा नंबरची बस घ्या, ती थेट वर सोडते. सरकते जिने लांब आणि वेगवान आहेत, उजवीकडे उभं राहायचं. तिकीट घेतलं म्हणजे झालं नाही, ते मशीनवर उमटवून घ्यावं लागतं. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला न उमटवलेल्या चार तिकिटांसाठी दंड भरावा लागला. दिवसांचा पास घ्या आणि निश्चिंत राहा. पासष्टीनंतर प्रवास फुकट हे युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे, आई-बाबांना लागू होत नाही.

पैसा युरो नव्हे, फोरिंट. साधारण साडेतीन-चार फोरिंटला एक रुपया धरा, दर हलत असतो. एटीएम बँकेच्या इमारतीतलं वापरा, आणि मशीनने ‘रुपयांत वळवू का’ असं विचारलं तर नाही म्हणून फोरिंटच निवडा. रेस्टॉरंटच्या बिलात ‘सेर्वीझ्दीय’ लिहिलं असेल तर सेवाशुल्क आधीच धरलं आहे, वर काही द्यायला नको. नसेल तर दहा टक्क्यांच्या आसपास द्या. आणि एक लक्षात ठेवा: नोट देताना ‘क्योसोनोम’, म्हणजे आभारी आहे, असं म्हटलं की वाढपी ‘उरलेले ठेवा’ असा अर्थ घेतो. सुटे परत हवे असतील तर ते हातात आल्यावर आभार माना.

संसद भवन आतून पाहा. ९६ मीटर उंच आहे. इ.स. ८९६ला मॉद्यॉर म्हणजे हंगेरियन लोकांच्या टोळ्या या खोऱ्यात आल्या, त्याची ती आठवण. सेंट इश्तवानच्या बॅसिलिकाची उंचीही तेवढीच. तिकीट आधी ऑनलाइन काढा, पासपोर्ट जवळ ठेवा, आणि लिफ्ट लागणार असेल तर आधी कळवा. संसदेजवळच नदीच्या कडेला लोखंडी बुटांच्या साठ जोड्या आहेत. १९४४-४५च्या हिवाळ्यात ज्यूंना इथे उभं करून, बूट काढायला लावून गोळ्या घातल्या आणि नदीत ढकललं, त्यांचं हे स्मारक. लोक तिथे बुटांत पाय घालून फोटो काढतात. कृपा करून मुलांनाही तसं करू देऊ नका. एखादं फूल ठेवा आणि दोन मिनिटं शांत उभे राहा.

आता दोन रात्री पुरतील का? नाही. प्राग आणि व्हिएन्नाची एकेक रात्र कमी करून इथे चार करा, असं मी अगदी आग्रहाने सांगेन. चौथ्या दिवशी बालातोनफ्युरेदला जा, बुडापेश्तहून रेल्वेने साधारण दोन तास. बालातोन तळं पाऊणशे किलोमीटरहून लांब आहे, समुद्र नसलेल्या या देशाचा तोच समुद्र. १९२६ साली रवींद्रनाथ ठाकूर हंगेरीत आजारी पडले, तेव्हा इथल्या हृदयरोगाच्या इस्पितळात राहिले आणि बरे झाल्यावर काठावर लिंडनचं झाड लावून गेले. त्या काठावरच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. रस्ता सपाट, सावलीचा, बाकांचा. बाबांना चालायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. जवळच तिहान्यचा मठ आहे. त्याच्या १०५५च्या लॅटिन दानपत्रात मध्येच हंगेरियन शब्द येतात, आणि या भाषेचं ते सगळ्यात जुनं लेखन मानतात. आपल्या परळच्या ११८७च्या शिलालेखात संस्कृत मजकुरानंतर मराठी ओळी येतात, त्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. बाबांना गडकिल्ल्यांची आवड असेल तर तळ्याऐवजी एगेर: १५५२ साली इश्तवान दोबोने तिथला किल्ला कितीतरी पटींनी मोठ्या तुर्की फौजेपुढे राखला, आणि तटावर बायकाही लढल्या. पण गुडघ्यासाठी तळंच बरं.

चित्रकार अमृता शेरगिल यांचा जन्म १९१३ साली बुडापेश्तमध्येच झाला, त्यांची आई हंगेरियन होती. हे इथल्या लोकांना माहीत असतं आणि भारतीय म्हटलं की ते आनंदाने सांगतात. त्यावर गप्पा सुरू होतात. राजकारणाचा आणि १९२०च्या ट्रियानोन तहाचा विषय, ज्यात देशाचा दोन-तृतीयांश भूभाग गेला, तुम्ही काढू नका. त्यांनी काढला तर ऐकून घ्या.

कुणी घरी बोलावलं तर जा. दारात बूट काढायचे, हे आपल्याला सांगावं लागत नाही. फुलं न्यायची ती विषम संख्येत, कारण सम संख्या अंत्यविधीची, आणि शेवंती न्यायची नाही, ती थडग्यांवर वाहतात. पानात वाढलेलं संपवलं की यजमानीण पुन्हा वाढणार. ‘पुरे’ म्हणताना पोटावर हात ठेवून ‘नाद्योन फिनोम’ म्हणा, फार चविष्ट. ती तरीही वाढेल.

परतीबद्दल एकच. मंडईतून खसखस किंवा खसखशीचा गोड रोल घेऊन जायचा मोह होईल, इथली निळसर-काळी खसखस सुंदर असते. तुमचं विमान दुबई किंवा अबुधाबीवरून जात असेल तर ती सामानात अजिबात ठेवू नका. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, चार दाण्यांवरूनही अडचण होऊ शकते. त्याऐवजी बाभळीसारख्या ‘आकात्स’ झाडाचा फिकट मध घ्या, मेमध्ये त्याच फुलांचा वास सगळ्या शहरात असतो. बाटली चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत. आणि येण्याच्या तारखा पक्क्या झाल्या की कळवा. मंगळवार असेल तर आमच्या गल्लीतल्या खानावळीत शेपूचं त्योकफोझेलेक असतं, मी सांगून ठेवते.